प्रेक्षकानें वाट निवडावी असा चित्रपट

लहान मुलांस गोष्ट सांगावयास बसणाऱ्या प्रत्येकास एक अनुभव येतो. गोष्ट रंगांत आलेली असते, राजपुत्र रानांतील दुवाटेपाशीं येऊन उभा राहिलेला असतो, आणि "तो उजव्या वाटेनें गेला" असें आपण म्हणतों न म्हणतों तोंच एखादें मूल विचारतें, "आणि डाव्या वाटेनें गेला असता तर?" सांगणारी आजी असेल तर ती हंसून म्हणते, "बरें, डाव्या वाटेनें गेला असें समज," आणि गोष्टीस निराळें वळण देते. छापलेल्या पुस्तकास हें सहज साधत नाहीं. चित्रपटास तर मुळींच साधत नाहीं, अशी पुष्कळांची समजूत असते. पडद्यावरील नायक एकदां ज्या वाटेनें गेला त्याच वाटेनें तो हजार वेळां जाणार. आपण खुर्चीवर बसून कितीही हळहळलों तरी त्याच्या पावलांत फरक पडत नाहीं.

परंतु ही समजूत आतां खरी राहिलेली नाहीं. चित्रपट ऐन दुवाटेवर थांबावा, पडद्यावर दोन चौकटी उमटाव्या, प्रेक्षकानें त्यांतील एकीस बोट लावावें आणि पुढील कथा त्याच्या इच्छेप्रमाणें चालावी, अशा रीतीचे चित्रपट निघाले आहेत. आणि थोडी चिकाटी असेल तर शाळेंतील मुलांसही ते करितां येतात. गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेच्या चित्रकला मंडळानें असा एक लहानसा चित्रपट केला. तो करितांना ज्या गोष्टी आम्हांस कळल्या, आणि ज्या चुका आमच्या हातून झाल्या, त्या विद्यार्थ्यांपुढें व पालकांपुढें मांडाव्या एवढाच या लेखाचा हेतु आहे.

ऐकणाऱ्यास गोष्टींत ओढून घेण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. वेताळपंचविशींत वेताळ कथेच्या शेवटीं राजास प्रश्न घालतो; राजानें उत्तर दिलें कीं प्रेत पुनः झाडावर, आणि राजाची पुनः पहिल्या ठिकाणापासून खेप. ज्ञानेश्वरांच्या नांवाशीं जोडला जाणारा मोक्षपट हा तर आजच्या सापशिडीचाच आप्त. त्यांत सद्गुणाच्या शिडीनें माणूस वर चढतो व दुर्गुणाच्या सापानें खालीं येतो. मात्र तेथें वाट कवड्या ठरवितात, खेळणारा नव्हे.

वाचणाऱ्यानें स्वतः वाट ठरवावी असें पुस्तक अमेरिकेंत एडवर्ड पॅकार्ड या गृहस्थांनीं रचलें. ते आपल्या मुलींस निजतांना गोष्ट सांगत असत. एके रात्रीं पुढें काय करावें हें त्यांस सुचेना, म्हणून त्यांनीं मुलींनाच विचारलें, आणि मुलींनीं निरनिराळीं उत्तरें दिलीं. त्यांतून १९७६ सालीं त्यांचें पहिलें पुस्तक निघालें व १९७९ पासून तशा पुस्तकांची एक मोठी मालाच सुरू झाली. "गुहेंत शिरावयाचें असेल तर अमुक पान उघडा, परत फिरावयाचें असेल तर तमुक," असा त्यांतील प्रकार असे. पान उलटणें हेंच तेथें वाट निवडणें.

चित्रपटांत हा प्रयोग त्याहूनही आधीं झाला होता. १९६७ सालीं कॅनडांतील माँट्रिअल शहरीं जागतिक प्रदर्शन भरलें होतें. तेथें चेकोस्लोव्हाकियाच्या दालनांत राडूझ चिन्चेरा या दिग्दर्शकानें ‘किनोऑटोमॅट’ नांवाचें एक चित्रपटगृह थाटलें. प्रत्येक खुर्चीस एक हिरवें व एक तांबडें अशीं दोन बटणें होतीं. चित्रपट नऊ ठिकाणीं थांबे. मग एक निवेदक रंगमंचावर येऊन प्रेक्षकांस दोहोंपैकीं एका प्रसंगाची निवड करावयास सांगे. ज्या बाजूस मतें अधिक पडत तो प्रसंग पुढें चाले. यांतील युक्ति साधी होती. दोन प्रक्षेपक यंत्रें एकाच वेळीं चालत असत. एकावर एक प्रसंग, दुसऱ्यावर दुसरा. आणि ज्याचें मत पडलें नाहीं त्या यंत्राचा प्रकाश झांकला जाई. प्रेक्षकांस हें ठाऊक नव्हतें कीं दोन्ही वाटा थोड्याच वेळांत पुनः एकत्र येत होत्या. त्यांनीं कसेंही मत दिलें तरी कथेंतील इमारतीस शेवटीं आग लागावयाची ती लागेच! ही दिग्दर्शकानें केलेली थट्टा होती. परंतु तींत या कलेचें एक मोठें कोडें दडलेलें आहे. त्याकडे आम्ही पुढें येऊं.

हा चित्रपट खऱ्या नटांचा होता. हातानें काढलेल्या चित्रांचा असा मोठा प्रयोग १९८३ सालीं अमेरिकेंत झाला. डॉन ब्लूथ हे पूर्वीं डिस्ने यांच्या चित्रशाळेंत काम केलेले कलावंत. त्यांनीं ‘ड्रॅगन्स लेअर’ या खेळासाठीं सुमारें २२ मिनिटांचीं चित्रें तयार केलीं. तीं लेझरच्या तबकडीवर सांठविलेलीं होतीं. फिल्मची गुंडाळी आरंभापासून शेवटपर्यंत उलगडावी लागते. या तबकडीवर मात्र यंत्राचा प्रकाशकिरण हव्या त्या चित्रावर उडी मारूं शकतो. खेळणाऱ्यानें योग्य क्षणीं योग्य दिशा निवडली तर नायक पुढें जाई. चुकला तर त्याचा नाश होई व पैसे टाकून पुनः आरंभ करावा लागे.

त्यानंतर हें सर्व घरोघरच्या पडद्यांवर आलें. यूट्यूबवर २००८ सालापासून चित्रपटावरच दुव्याच्या चौकटी चिकटवितां येऊं लागल्या, आणि शेंकडों हौशी मंडळींनीं अनेक वाटांचे चित्रपट रचले. २०१७ च्या जूनमध्यें नेटफ्लिक्सनें मुलांसाठीं ‘पुस इन बुक’ हा चित्रांचा निवडीचा चित्रपट काढला. पण या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. यूट्यूबनें त्या चौकटी १५ जानेवारी २०१९ रोजीं काढून टाकल्या, आणि हौशी मंडळींच्या वाटा एका दिवसांत बंद झाल्या. चित्रपट राहिले, पण त्यांचे सांधे निखळले. नेटफ्लिक्सनेंही २०२४ च्या डिसेंबरांत असे बहुतेक चित्रपट आपल्या संग्रहांतून काढले. यांतून घ्यावयाचा धडा असा कीं, आपल्या दृश्यांचे मूळ तुकडे आणि वाटांचा नकाशा हीं दोन्ही आपल्यापाशींच जपून ठेवावीं. एक साधन गेलें तर दुसऱ्या साधनानें तेच तुकडे पुनः सांधतां येतात.

आतां हा चित्रपट करावयाचा कसा, हें पाहूं.

प्रथम लागते ती गोष्ट. आणि गोष्टींत असा एक क्षण कीं जेथें खरोखरच दोन मनें होतात. "शाळेंत जावें कीं चोरी करावी?" हा प्रश्न नव्हे, त्याचें उत्तर सर्वांस ठाऊक आहे. आमच्या मंडळानें आपल्याच परिसरांतील विषय घेतला. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या वाटेवर ओढा आहे व त्यावर ठेंगणी फरशी आहे. पावसाळ्यांत तिच्यावरून पाणी वाहूं लागतें. पाणी गुडघ्याच्याही खालीं असतें, पलीकडे घर दिसत असतें, पोटांत भूक असते. तेव्हां पाऊल टाकावें कीं थांबावें? हा प्रश्न दरवर्षीं कोणा ना कोणा मुलासमोर खरोखर उभा राहतो. सहा इंच पाणी वेगानें वाहत असेल तर धडधाकट मनुष्याचाही पाय निसटूं शकतो; आणि पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो. हें आम्ही वर्गांत फळ्यावर लिहितों. मुलें तें उतरूनही घेतात. पण फळ्यावरील वाक्य फरशीपाशीं आठवतेंच असें नाहीं.

गोष्ट ठरली कीं नकाशा काढावा. मोठ्या कागदावर प्रत्येक दृश्यास एक चौकोन, आणि प्रत्येक निवडीस दोन बाण. या कामासाठीं संगणकावर ‘ट्वाइन’ नांवाचें एक विनामूल्य साधन आहे; तें ख्रिस क्लिमास यांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलें. पण पाठकोरे कागद, टांचण्या व दोरा यांनीं भिंतीवर केलेला नकाशाही तितकाच उपयोगी पडतो, आणि तो सर्व मुलांस एकदम दिसतो.

नकाशा काढतांच गणित पुढें उभें राहतें. समजा, कथेंत तीन निर्णय आहेत आणि प्रत्येक निर्णयापाशीं दोन वाटा फुटतात. तर पहिलें दृश्य १, मग २, मग ४, मग ८, अशीं एकंदर १५ दृश्यें होतात. चित्रांस गति आणण्यासाठीं आम्ही सेकंदास १२ चित्रें योजलीं होतीं. एक दृश्य २० सेकंदांचें धरलें तर त्यास २४० चित्रें, आणि १५ दृश्यांस ३,६०० चित्रें लागतात. पाहणारा एका वेळीं त्यांतील चारच दृश्यें, म्हणजे ९६० चित्रें, पाहणार. निर्णय तीनांऐवजीं दहा केले तर दृश्यांची संख्या २,०४७ होते! तीं सर्व लागोपाठ दाखविलीं तर सव्वाअकरा तासांहून अधिक वेळ लागेल, आणि प्रेक्षकाच्या वांट्यास मात्र त्यांतील पावणेचार मिनिटेंसुद्धां येणार नाहींत. गोठ्यांत शंभर गाई बांधून शेरभर दूध काढण्यासारखाच हा व्यवहार.

म्हणून वाटा वाढूं न देण्याच्या युक्त्या शोधाव्या लागतात. त्या मुख्यतः तीन आहेत. पहिली, फुटलेल्या वाटा पुनः एकत्र आणणें. माँट्रिअलच्या चित्रपटांत हीच योजना होती. दुसरी, चुकीची वाट लवकर संपवून प्रेक्षकास मागें आणणें. वेताळाचें प्रेत झाडावर जातें तसें. तिसरी युक्ति सर्वांत उत्तम, ती स्मरणाची. वाटा एकत्र येतात, परंतु प्रेक्षकानें आधीं काय निवडलें याची नोंद राहते, आणि तिचें फळ पुढें केव्हां तरी पुढें येतें. नुसती पहिली युक्ति वापरली तर प्रेक्षक फसविला जातो. त्यानें कांहींही निवडलें तरी घर जळणारच असेल, तर त्यास विचारलें कशाला? थट्टेच्या चित्रपटांत हें चालेल. पाण्यांत पाऊल टाकावें कीं नाहीं हें ज्यांत विचारावयाचें, त्या चित्रपटांत तें असत्य ठरेल.

आमचा नकाशा शेवटीं असा ठरला. पाऊस वाढल्यामुळें शाळा लवकर सुटते. एक भाऊ व त्याची धाकटी बहीण घरीं निघतात. पहिला निर्णय अगदीं क्षुल्लक वाटणारा: शाळेंतून घरीं फोनवर निरोप द्यावा, कीं रांगेंत उभें राहण्याचा कंटाळा करून तसेंच निघावें? दोन्ही वाटा फरशीपाशीं एकत्र येतात. तेथें दुसरा निर्णय: मोठ्या मुलांच्या मागोमाग पाण्यांत शिरावें कीं थांबावें? थांबल्यास मोठीं मुलें सुखरूप पलीकडे पोंचतात आणि तिकडून हांका मारतात, "अरे, कांहीं नाहीं, या!" हा तिसरा निर्णय, आणि आमच्या मतें सर्वांत कठीण, कारण येथें पाण्याच्या भीतीपेक्षां हंशाची भीति मोठी असते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या ठिकाणीं पाण्यांत शिरणाऱ्यांस एकच दृश्य. थांबणाऱ्यांस अलीकडच्या एका घरीं आसरा. आणि मग त्या पहिल्या क्षुल्लक निर्णयाचें फळ दिसतें. निरोप दिला असेल तर आई व मामा लांबच्या पुलावरून वळसा घालून दिवेलागणीस येऊन पोंचतात. दिला नसेल तर मुलें सुरक्षित असूनही गांवचे लोक रात्रभर कंदील व बॅटऱ्या घेऊन पलीकडचा काठ धुंडाळीत राहतात. याप्रमाणें दृश्यें नऊ झालीं.

नकाशानंतर चित्रें. चित्रांस चालतें करण्याची कला महाराष्ट्रास परकी नाहीं. दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणण्यापूर्वीं वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखविणारी एक छोटी फिल्म केली होती. थोड्या थोड्या काळानें रोपाचें चित्र घेत जाऊन अनेक दिवसांची वाढ त्यांनीं कांहीं क्षणांत दाखविली. पुढें ‘आगकाड्यांची मौज’ या फिल्मेंत त्यांनीं आगकाड्याही हालत्या केल्या. आम्हीं हीच रीत कागदाच्या पात्रांस लावली. पुठ्ठ्याचीं डोकीं, धड, हात व पाय वेगवेगळे कापले. सांध्यांस दोऱ्याच्या गांठी मारल्या. एका स्टुलास काठ्या बांधून त्यांवर मोबाइलचा कॅमेरा खालीं तोंड करून घट्ट बसविला. पाय थोडा सरकवावा, हात दूर घ्यावा, चित्र टिपावें. पुनः थोडा सरकवावा. बारा वेळां असें केलें कीं पडद्यावर एक सेकंद चालणें होतें.

अनेक वाटांच्या चित्रपटास ही कापलेल्या कागदाची रीत विशेष सोयीची असते. पात्रें व पार्श्वभूमि एकदांच तयार करावीं लागतात. तींच प्रत्येक वाटेवर उपयोगी पडतात. नटास एकाच प्रसंगाचे चार निरनिराळे शेवट करावयास लावणें अवघड. कागदाचा मुलगा मात्र कंटाळत नाहीं. तथापि दोन गोष्टींस जपावें लागतें. पहिली गोष्ट उजेडाची. ढग येतात-जातात, आणि खिडकीजवळ काढलेलीं चित्रें पडद्यावर लुकलुकूं लागतात. यासाठीं खिडक्या लावून दिव्याच्याच उजेडांत काम करावें, आणि कॅमेऱ्याचें आपोआप उजेड ठरविणें बंद ठेवावें. आम्हांस हें कळेपर्यंत एक संपूर्ण दृश्य वांयां गेलें होतें. दुसरी गोष्ट सांध्यांची. जेथें दोन वाटा एकत्र येतात तेथें दोन्हींकडून येणारें पात्र हुबेहूब सारखें असलें पाहिजे. आमच्या एका वाटेवर मुलाच्या हातांत छत्री होती, दुसऱ्या वाटेवर ती काढावयाची राहून गेली. त्यामुळें फरशीपाशीं येतांच त्याच्या हातीं आकाशांतून छत्री पडल्यासारखें दिसूं लागलें. तेव्हांपासून आम्हीं प्रत्येक चौकोनाखालीं एक टीप लिहिण्याचा नियम केला: कपडे, छत्री, दप्तर कोणत्या खांद्यावर.

आणखी एक बारकी गोष्ट सांगावीशी वाटते. निवड करण्याच्या क्षणीं चित्र गोठून बसलें तर पाहणाऱ्याचें मनही गोठतें. म्हणून तेथें पाऊस पडत राहावा, पाणी वाहत राहावें, मुलीनें भावाचा सदरा धरून ओढावा; दोनतीन सेकंदांचा हा तुकडा पुनः पुनः फिरत ठेवावा. मग निर्णय करणाऱ्यास वाटतें कीं वेळ चालला आहे, आणि तो खरोखर विचार करूं लागतो.

तुकडे तयार झाले कीं ते जोडण्याचें काम. यूट्यूबवर हल्लीं चित्रपटाच्या शेवटच्या ५ ते २० सेकंदांत पुढील चित्रपटांच्या चौकटी दाखवितां येतात. एका वेळीं त्या चारांहून अधिक घालतां येत नाहींत. पण जो चित्रपट ‘मुलांसाठीं’ म्हणून नोंदविला जातो त्यास ही सोय मिळत नाहीं; आणि आमचा तर मुलांसाठींच होता. मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयानें २००७ सालीं प्रसिद्ध केलेलें ‘स्क्रॅच’ हें साधन विद्यार्थ्यांस उत्तम. त्यांत काढलेल्या पात्रास स्पर्श करतांच दृश्य बदलेल अशी आज्ञा रचतां येते, आणि निवडीची नोंद ठेवण्यासाठीं एक नांव दिलेली पेटीही करितां येते. परंतु त्यांत लांब व्हिडिओ घालतां येत नाहींत. म्हणून आम्हीं शाळेच्या संगणकावरील स्लाइडींचा मार्ग धरिला. एका स्लाइडीवर एक दृश्य, आणि तींत दोन चौकटी. प्रत्येक चौकटीस हव्या त्या स्लाइडीचा दुवा. यास इंटरनेटचीही जरूर नाहीं.

स्लाइडींस स्मरण नसतें. "निरोप दिला होता कीं नाहीं" हें त्यांस कसें कळावें? यावर आमच्या नववीच्या एका विद्यार्थिनीनें तोड काढली. फरशीपासूनच्या स्लाइडींच्या तिनें दोन रांगा केल्या: एक निरोप दिलेल्यांची, दुसरी न दिलेल्यांची. दोन्ही रांगांत व्हिडिओ तेच. शेवटचा दुवा तेवढा निराळा. स्लाइडी वाढल्या, पण एकही नवें चित्र काढावें लागलें नाहीं. आणखी एक सूचना द्यावयाची म्हणजे, स्लाइडी दाखवितांना ‘किऑस्क’ हा प्रकार निवडावा. नाहीं तर चौकटीबाहेर कोठेंही बोट लागलें तरी पुढची स्लाइड येते. आमच्या पहिल्या चांचणींत तसें होऊन मुलें फरशीवर पोंचण्यापूर्वींच आई त्यांस भेटली होती!

आतां आमच्या मुख्य चुकीविषयीं. चित्रपट पुरा झाल्यावर तो आम्हीं पांचवीच्या मुलांस दाखविला. त्या दिवशीं कांहीं पालकही आले होते. फरशीपाशीं येतांच जवळजवळ सर्व मुलें ओरडलीं, "पाण्यांत! पाण्यांत!" तें दृश्य आमच्या मुलांनीं फार हौसेनें केलें होतें. पुठ्ठ्याचा मुलगा दोन कोलांट्या खाई, पाणी उसळे, छत्री गिरक्या घेत जाई, आणि ‘धबाक्’ असा आवाज होई. सर्व वर्ग खदखदून हंसला. "पुनः! पुनः!" असा गिल्ला झाला, आणि आम्हांस तें दृश्य चार वेळां दाखवावें लागलें. थांबण्याची वाट कोणी निवडलीच नाहीं. जी वाट मुलांनीं टाळावी म्हणून सर्व खटाटोप केला, तीच आम्हीं सर्वांत गोड करून ठेविली होती.

आम्ही ओशाळे होऊन यंत्र आवरूं लागलों, तोंच मागच्या बांकावरील एक वृद्ध आजीबाई म्हणाल्या, "मास्तर, बुडणारीं पोरं दाखविलींत, पण घरीं वाट पाहणारी आई कुठं दाखविली नाहीं तुम्ही."

या एका वाक्यानें आम्हांस आमचा दोष कळला. निवडीच्या चित्रपटांत पाहणारा दोन्ही वाटा चालून पाहतो. चुकीची वाट तर तो मुद्दाम पाहतो, कारण तेथें त्यास कांहीं लागत नाहीं. म्हणून चुकीच्या वाटेवर बरोबर वाटेपेक्षां कमी नव्हे, अधिकच कष्ट घेतले पाहिजेत. आम्हीं बरोबर वाट मनापासून रंगविली होती आणि चुकीची वाट गंमत म्हणून उरकली होती. आम्हीं तें दृश्य पुनः केलें. कोलांट्या काढल्या, आवाज काढला. आतां मुलाचा पाय सरकतो, बहिणीचा हात सुटतो, आणि चित्र फक्त त्या दोन हातांवर थांबतें. त्यानंतर दहावें दृश्य जोडलें. संध्याकाळचें घर, आई चुलीपाशीं, दोन पाट मांडलेले, दोन ताटें वाढलेलीं. ती उठून दारांत जाते, परत येते, ताटांवर झांकण घालते. बाहेर पाऊस. वीस सेकंद एवढेंच. मग दोन चौकटी: ‘पुनः फरशीपाशीं’ आणि ‘पुनः शाळेपाशीं’. या दृश्याचीं २४० चित्रें काढावयास आमच्या मंडळास तीन शनिवार लागले, आणि तितक्या शांतपणें मुलांनीं कोणतेंच दृश्य केलें नव्हतें.

दुसऱ्या वेळीं तोच वर्ग, तोच पडदा. पाण्यांत शिरण्याची निवड याही वेळीं झाली. मुलें तीं मुलेंच. परंतु या वेळीं कोणी हंसलें नाहीं. ताटांवर झांकण पडलें तेव्हां वर्गांत पावसाखेरीज आवाज नव्हता. पुढें काय निवडावें असें आम्हीं विचारलें. बहुतेकांनीं ‘फरशीपाशीं’ म्हटलें. मग पहिल्या बांकावरील एक लहान मुलगा उभा राहिला व म्हणाला, "सर, नाहीं, शाळेपाशीं. आधीं निरोप देऊं द्या."

एका चित्रपटानें कोणाचें पाऊल फरशीवर थांबेल, असा दावा आम्ही करीत नाहीं. पाणी चढलें असतां मुलांस शाळेंत थांबवून घेणें हें शिक्षकांचें, व निरोप मिळतांच लांबच्या वाटेनें येणें हें पालकांचें काम आहे. तें चित्रांवर सोंपवून चालणार नाहीं. परंतु जें मूल एकदां दोन्ही वाटा शेवटपर्यंत चालून आलें आहे, त्यास खऱ्या वाटेवर थांबून विचार करण्याची थोडी तरी संवय लागावी, अशी आमची आशा आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांपैकीं कोणास असा चित्रपट करावयाचा असेल तर दोनच निर्णयांपासून आरंभ करा. नकाशा आधीं, चित्रें मागाहून. वाटा फार वाढवूं नका. पण जी वाट द्याल ती खरी द्या. आणि ज्या वाटेनें कोणी जाऊं नये असें तुम्हांस वाटतें, तिचीं चित्रें सर्वांत काळजीनें काढा.